चढावर थांबणारी ट्रॉली आणि इतर तक्रारी
इलेक्ट्रिक गोल्फ ट्रॉलीची घरच्या घरी दुरुस्ती: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गोल्फची बॅग वाहून नेणारी इलेक्ट्रिक ट्रॉली उघडली तर आत फारसं काही नसतं. एक बॅटरी, एक फ्यूज, जाड वायरची जोडी, हँडलमधलं वेगाचं बटण, मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा कंट्रोलर, कार्बनवाली डीसी मोटर, तिच्यामागे गिअरबॉक्स आणि दोन चाकांचा आस. बहुतेक ट्रॉली १२ व्होल्टच्या असतात, खालची उत्तरं त्यांच्यासाठीच आहेत. काही नव्या ट्रॉली २४ किंवा २८ व्होल्टवर चालतात, तेव्हा आधी बॅटरीवरचं लेबल वाचा.

हात घालण्यापूर्वी बॅटरी सुटी करा आणि ट्रॉली ठोकळ्यावर अशी ठेवा की चाकं जमिनीला लागणार नाहीत. बोटातली अंगठी आणि मनगटातलं धातूचं घड्याळ काढून ठेवा. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण दोन टर्मिनलांवर पाना आडवा पडला तर त्यातून शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना क्षणात लाल होतो.

प्रश्न: बॅटरी रात्रभर चार्ज केली, मीटरवर १२.८ व्होल्ट दिसतात. सपाटीवर ट्रॉली नीट चालते, चढ आला की मंदावते आणि थांबते. थोडा वेळ थांबलं की परत चालू होते. बॅटरी बदलू की मोटर?

अजून काहीच विकत घेऊ नका. नुसत्या उभ्या बॅटरीवरचं व्होल्टेज जवळपास काहीच सांगत नाही. निकामी झालेली लेड-अॅसिड बॅटरीसुद्धा विश्रांतीनंतर १२.७ दाखवते. खरी गोष्ट कळते ती करंट वाहत असताना.

मीटरच्या दोन्ही वायरींना मगर-चिमटे लावा, ते बॅटरीच्या टर्मिनलांना पकडवा आणि मीटर बॅगेवर बांधून ट्रॉली त्याच चढावर न्या. मीटरला सर्वांत कमी आकडा धरून ठेवायची सोय असेल तर ती चालू करा. चढावर मोटर साधारण १५ ते २० अँपिअर ओढते. तेवढ्या ओढीला चांगली बॅटरी १२ च्या आसपास तग धरते. आकडा ११ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी थकली आहे. बऱ्याच कंट्रोलरमध्ये साधारण साडेदहा व्होल्टला पुरवठा तोडण्याची सोय असते. ट्रॉली थांबून पुन्हा चालू होण्याचं कारण तेच: ओढ थांबली की व्होल्टेज वर येतं आणि कंट्रोलरला वाटतं सगळं ठीक आहे.

आता दुसरं मोजमाप. हे बहुतेक जण करत नाहीत आणि नेमका दोष इथेच सापडतो. चिमटे कंट्रोलरमध्ये शिरणाऱ्या वायरींवर लावून तोच चढ पुन्हा चढा. बॅटरीवर १२.१ आणि कंट्रोलरवर १०.६ असेल तर बॅटरी आणि मोटर दोन्ही निर्दोष आहेत, मधला दीड व्होल्ट वाटेत कुठेतरी खर्च होतो आहे. त्यासाठी लागणारा रोध किती? १५ अँपिअरला ०.१ ओहम. साध्या मीटरवर हा ०.१ ओहम दिसतही नाही, कारण प्रोबच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. म्हणून ओहम मोजून वायर पास करू नका, ओझ्याखालचं व्होल्टेजच मोजा. त्या एका जागी २२ वॅट उष्णता तयार होत असते, म्हणजे छोट्या सोल्डरिंग आयर्नइतकी. चढ चढून झाल्यावर लगेच बोट लावलं तर दोषी जोड गरम लागतो.

जागा नेमकी शोधायची तर ट्रॉली चढावर ओढत असतानाच लाल प्रोब बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि काळा प्रोब कंट्रोलरच्या धन टोकावर ठेवा. एकाच वायरीची दोन टोकं असल्याने आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टच्या वर जाऊ नये. जास्त असेल तर काळा प्रोब एकेक जोड मागे सरकवत या: आधी फ्यूजच्या पलीकडे, मग अलीकडे, मग कनेक्टर. ज्या जोडावरून उडी मारताच आकडा एकदम पडतो तो चोर. ऋण बाजूलाही हेच करा, ती बाजू विसरली जाते.

चोर बहुतेक वेळा तीनपैकी एक असतो. फ्यूज-होल्डर: पात्याच्या फ्यूजचं प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा पायापाशी वितळून तिरकं झालं असेल तर होल्डरच्या आतल्या चापांची पकड गेली आहे. नवा फ्यूज घालून उपयोग नाही, होल्डरच बदला. फ्यूज उडतो म्हणून कुणी ३० च्या जागी ४० चा घालत असेल तर थांबवा, कारण मग वायर फ्यूजचं काम करू लागते. बॅटरीचा कनेक्टर: आतल्या कॉन्टॅक्टची चांदीसारखी चकाकी जाऊन ते काळे किंवा निळसर झाले असतील तर घासून दोन-चार राउंड चालेल, पुढे तेच. नवे कॉन्टॅक्ट दाबून बसवा. अँडरसन पॉवरपोल जातीच्या कनेक्टरमध्ये १५, ३० आणि ४५ अँपिअरचे कॉन्टॅक्ट एकाच घरात बसतात. १५ च्या कॉन्टॅक्टमध्ये जाड वायर शिरत नाही म्हणून तिच्या काही तारा कापून टाकलेल्या आढळतात. बाहेरून काही कळत नाही आणि चढावर ट्रॉली थांबते. आणि तिसरा, बॅटरीच्या टर्मिनलवरचा लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, ज्याच्या मानेत हिरवा कळंक चढलेला असतो.

लग बदलताना वायर सोलली आणि आतलं तांबं काळं निघालं तर तिथेच लग ठोकू नका. सेंटिमीटर-सेंटिमीटरने मागे कापत जा, लखलखीत तांबं लागेपर्यंत. काळ्या तांब्याला ना सोल्डर धरतं ना क्रिंपिंग, म्हणजे दाबून केलेला जोड. वायर अपुरी पडत असेल तर २.५ चौ. मि.मी.ची बारीक तारांची नवी वायर टाका. लांबी एक मीटरपेक्षा जास्त असेल तर ४ चौ. मि.मी. बरी.

प्रश्न: मोजमाप केलं, दोष बॅटरीतच दिसतो. ती किती उरली आहे हे नेमकं कसं कळेल?

गाडीच्या हेडलाइटचा ५५ वॅटचा जुना बल्ब घ्या. तो १२ व्होल्टला साधारण साडेचार अँपिअर घेतो. बॅटरी पूर्ण चार्ज करून चार तास स्वस्थ ठेवा. चार्जरवरून काढल्या काढल्या मोजलं तर वरवरचं व्होल्टेज फसवतं. मग बल्ब जोडा, वेळ लिहा आणि दर पंधरा मिनिटांनी व्होल्टेज टिपा. १०.५ ला बल्ब काढा आणि लगेच चार्जिंगला लावा. बल्बची काच इतकी तापते की कापड पेट घेऊ शकतं, तेव्हा तो विटेवर ठेवा आणि खोली सोडून जाऊ नका.

बॅटरीवर लिहिलेले २२ अँपिअर-तास हे २० तासांच्या संथ ओढीचे असतात, म्हणजे सतत १.१ अँपिअर. साडेचार अँपिअरला नवी बॅटरीही साधारण चार तासच देते. तीन तास मिळाले तर सपाट मैदानावर १८ होल निघतील. दोन तासांच्या आत बल्ब मंदावला तर चार्जर बदलून किंवा 'जीव आणणारा' पल्स-चार्जर लावून फार फरक पडणार नाही.

टिपलेल्या आकड्यांकडेही नीट पाहा. व्होल्टेज हळूहळू उतरत गेलं तर बॅटरीचं वय झालं आहे. सुरुवातीलाच एकदम दोन व्होल्ट कोसळून मग १०.५ च्या आसपास रेंगाळलं तर सहापैकी एक सेल मेला आहे. अशी बॅटरी चार्जरवर ठेवू नका. उरलेल्या पाच सेलवर जास्त दाब येतो, त्या तापतात आणि फुगतात.

नवी आणताना गाडी सुरू करण्याची बॅटरी घेऊ नका. तिच्या प्लेटी पातळ असतात, सेकंदभराच्या जोरदार ओढीसाठी बनवलेल्या. रोज खोलवर रिकामी केली की काही महिन्यांत संपते. 'डीप सायकल' लिहिलेली एजीएम किंवा जेल (दोन्ही बंद लेड-अॅसिडचेच प्रकार) हवी. आणि राउंड संपल्यावर त्याच दिवशी चार्ज करा. अर्धवट रिकाम्या बॅटरीच्या प्लेटींवर सल्फेटचे खडे धरतात. आठवड्याभराने केलेलं चार्जिंग ते पूर्ण विरघळवत नाही.

प्रश्न: लेड-अॅसिड काढून लिथियम बसवली तर ट्रॉलीत काही बदल करावे लागतात का?

ट्रॉलीत फार नाही, सवयीत बरेच. इथे लिथियम म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट, ३.२ व्होल्टच्या चार सेल एकामागे एक, मिळून १२.८. २२ अँपिअर-तासाची एजीएम साडेसहा-सात किलो भरते, तेवढंच काम करणारी १८ ची लिथियम अडीच किलोच्या आत असते. हलकेपणा सुखाचा आहे, पण ट्रॉलीचा तोल बॅटरीच्या वजनावर बेतलेला असतो. चढावर पुढचं चाक उचलायला लागलं तर बॅगेचं खालचं टोक आणखी पुढे येईल असं बांधा.

पॅक घेताना अँपिअर-तासांच्या आधी बीएमएसचा, म्हणजे पॅकच्या आतल्या संरक्षक सर्किटचा, सततचा करंट वाचा. २५-३० अँपिअर हवा. १५ चा असेल तर तीव्र चढावर पॅक अचानक शून्य होईल आणि तुम्ही पुन्हा पहिल्या प्रश्नापाशी याल.

चार्जर लिथियमचाच घ्या, १४.४ ते १४.६ व्होल्टला थांबणारा. लेड-अॅसिडच्या काही चार्जरमध्ये सल्फेट काढण्यासाठी ऊंच व्होल्टेजचे झटके देण्याची सोय असते, ते बीएमएसला मानवत नाहीत. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली हा पॅक चार्ज करू नका. थंडीत सेलच्या आत लिथियम धातूचा थर जमतो आणि तो परत निघत नाही. थंडीत चालवायला हरकत नाही, चार्जिंग मात्र घरात आणून.

हँडलवरची बॅटरीची पट्टी यापुढे खोटं बोलेल हे लक्षात ठेवा. ती लेड-अॅसिडच्या उतारावर बेतलेली असते. लिथियमचं व्होल्टेज मात्र पूर्ण चार्जला विश्रांतीत १३.३-१३.४ आणि अर्ध्यावरही १३ च्या वर असतं. पट्टी शेवटपर्यंत हिरवी राहील आणि मग ट्रॉली एकदम थांबेल. पट्टीऐवजी होल मोजा.

प्रश्न: लिथियम पॅक तीन महिने पडून होता. आता मीटरवर ०.४ व्होल्ट. मेला का?

बहुधा नाही. सेल फार रिकाम्या झाल्या की बीएमएस दार बंद करून घेतं आणि बाहेर जवळपास शून्य दिसतं. लिथियमचा चार्जर लावून अर्धा तास पाहा. पुष्कळ बीएमएस चार्जरचं व्होल्टेज मिळताच जागे होतात. काही चार्जर शून्य व्होल्टच्या बॅटरीला ओळखतच नाहीत, तिथे 'जागं करण्याची' सोय असलेला चार्जर लागतो. जागा झाल्यावर पूर्ण चार्ज करा आणि दोन दिवस नुसता ठेवून मोजा. १३.३ वर टिकला तर वापरा, रोज घसरत असेल तर एखादी सेल आतून गळते आहे. पॅक फुगलेला असेल, गोडसर वास येत असेल किंवा चार्जिंगला तापत असेल तर हे काहीच करू नका, घराबाहेर ठेवून पुनर्वापर केंद्रात द्या. पॅक उघडून सेल थेट चार्ज करण्याचा सल्ला मिळतो, तो मानू नका.

प्रश्न: ट्रॉली चालू केली की बटण शून्यावर असतानाही पूर्ण वेगात पळत सुटते. घरी दुरुस्त होईल का?

होईल, पण तोपर्यंत तिला जमिनीवर चालू करू नका. बॅगेसकट सुटलेली ट्रॉली माणसाला पाडते.

चाकं काढून घ्या, बॅटरी जोडा आणि नीट पाहा: आस कधी फिरायला लागतो? चालू करण्याचं बटण दाबल्यावर फिरत असेल तर संशय वेगाच्या बटणावर, म्हणजे त्यामागच्या पोटेन्शिओमीटरवर (फिरवून बदलता येणाऱ्या रोधावर). बटण न दाबता, नुसती बॅटरी जोडताच फिरत असेल तर कंट्रोलरमधलं मॉसफेट, म्हणजे मोटरचा करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, शॉर्ट झालं आहे.

पोटेन्शिओमीटर आधी, कारण ते सोपं आहे. त्याला तीन पाय असतात. एका टोकाला काही व्होल्ट, दुसऱ्या टोकाला शून्य, मधल्या पायावर बटण फिरवाल त्या प्रमाणात व्होल्टेज. शून्याच्या टोकाची वायर तुटली की मधल्या पायावर वरचं पूर्ण व्होल्टेज येतं आणि कंट्रोलरला वाटतं, मालकाने पूर्ण वेग मागितला आहे. ही वायर हँडलच्या आत असते आणि तिचं सोल्डर हादऱ्यांनी सुटतं. पुष्कळदा एवढंच असतं. सोल्डर ठीक असेल तर पोटेन्शिओमीटर सुटा करून मोजा: टोक ते टोक बहुधा १० किलो-ओहम, काहींत ५. मग एक टोक आणि मधला पाय धरून सावकाश फिरवा. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर आतली कार्बनची पट्टी झिजली आहे. ट्रॉली विशिष्ट वेगाला गचके देते ती यामुळेच. नवं घेताना ओहम तेवढेच, 'बी' खुणेचं म्हणजे सरळ प्रमाणात बदलणारं, आणि दांडा तसाच हवा. दाबून चालू-बंद होणारं असेल तर तेही जुळवा.

आता मॉसफेट. बॅटरी आणि मोटरच्या वायरी काढा. मीटर डायोडच्या चिन्हावर ठेवा. नेहमीच्या तीन पायांच्या मॉसफेटमध्ये, छापील बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून गेट, ड्रेन, सोर्स. ड्रेन आणि सोर्सच्या मध्ये एका दिशेने ०.४ ते ०.६ आणि उलट दिशेने काहीच नाही असं दिसलं तर ते ठीक आहे. बोर्डावरच्या कपॅसिटरमुळे आकडा आधी वर सरकत जाईल, तो स्थिरावू द्या. दोन्ही दिशांनी शून्याच्या जवळ आलं तर शॉर्ट. दोन-तीन समांतर जोडलेले असतील तर एक शॉर्ट झाल्यावर सगळेच तसे दिसतात. सगळे काढा आणि सगळे नवे घाला, एकाच जातीचे. आयआरएफ ३२०५ सारखं ५५ व्होल्टचं मॉसफेट अशा कंट्रोलरला चालतं, तरी मूळ भागावरचा क्रमांक वाचता येत असेल तर तोच शोधा. मोटरला समांतर असलेला जाड डायोडही तपासा. मोटर बंद होताना ती जो उलटा झटका देते तो गिळायचं काम त्याचं. तो आतून तुटला असेल तर नवं मॉसफेट पहिल्याच दिवशी जाईल. मॉसफेटखालचं अभ्रकाचं किंवा रबराचं पातळ पान फाटलं असेल तर नवं टाका.

जोडणी झाल्यावर बॅटरी थेट लावू नका. मघाचा हेडलाइटचा बल्ब धन वायरीत मालिकेत घाला. कुठे शॉर्ट उरला असेल तर बल्ब भक्कन पेटेल आणि तुमचे नवे भाग वाचतील. बल्ब विझलेला राहिला, बटण फिरवल्यावर मंद पेटून मोटर हळू फिरली, तर काम झालं. मग बल्ब काढून नेहमीचा फ्यूज लावा.

प्रश्न: हँडल थोडं हलवलं की ट्रॉली चालू, पुन्हा हलवलं की बंद.

घडीच्या सांध्यात वायर तुटली आहे, पण वरचं आवरण शाबूत असल्याने दिसत नाही. मीटर आवाज देणाऱ्या जागी ठेवा, वायरीची दोन्ही टोकं पकडा आणि सांध्यापाशी ती वाकवत राहा. आवाज तुटक आला की तीच. टेप गुंडाळून भागवू नका, तिथे दर घडीला वाक पडतो. हँडलपर्यंतची पूर्ण केबल बदला. जुन्या केबलच्या टोकाला नवी घट्ट बांधा आणि जुनी ओढून काढा, म्हणजे नवी आपोआप नळीतून येते. बांधलेल्या गाठीवर टेपचा शंकू करा, नाहीतर ती कडेला अडकते. इथे सिलिकॉन आवरणाची बारीक तारांची वायर वापरा. सांध्यापाशी बोटभर ढील सोडून वेटोळं ठेवा आणि हँडल पाच-सहा वेळा घडी करून पाहा की वायर कुठे चिमटत नाही.

प्रश्न: मोटरमधून करकर आवाज येतो, जळका वास येतो आणि कधीकधी ढकलल्याशिवाय ती सुरू होत नाही.

ढकलून सुरू होते याचा अर्थ कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे, संपत आले. कार्बन जिथे कम्युटेटरला (फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला) टेकत नाही तिथे मोटर थांबली असेल तर ती सुरू होत नाही. हाताने थोडी फिरवली की होते.

मोटर काढून मागचं झाकण उघडताना झाकण आणि कवच दोघांवर मिळून मार्करने एक रेघ मारा, बसवताना कोन चुकणार नाही. कार्बन नवे असताना साधारण १२ ते १५ मि.मी. असतात. ५-६ मि.मी. उरले की दोन्ही एकदम बदला, कारण त्यापुढे स्प्रिंग पुरेसा दाब देत नाही, ठिणग्या पडतात आणि कम्युटेटर जळतो. नवे आपल्या खोबणीत स्वतःच्या वजनाने सरकले पाहिजेत. अडकत असतील तर कडा पॉलिश पेपरवर एक-दोनदा ओढा.

मग कम्युटेटर नीट पाहा. त्याच्यावर चॉकलेटी रंगाची सारखी झाक असेल तर हात लावू नका, ती चांगली खूण आहे आणि ती घासून काढली तर नवे कार्बन लवकर झिजतात. काळे ओरखडे असतील तर ४०० ते ६०० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी भोवती धरून आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, फिरवा. एमरी पेपर नको, त्याचे कण वीजवाहक असतात आणि फटीत अडकतात. तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटींतली काळी भुकटी टोकदार लाकडी काडीने पूर्ण काढा. एकच पट्टी जळलेली आणि बाकीच्या स्वच्छ असतील तर त्या पट्टीला जोडलेली वाइंडिंग तुटली आहे, कार्बन बदलून ती बरी होणार नाही. खात्रीसाठी शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांमधला रोध मोजत पूर्ण फेरी करा. सगळीकडे सारखा हवा. कुठलीही पट्टी आणि आर्मेचरचा दांडा यांच्यात जोड दिसता कामा नये.

नवे कार्बन कम्युटेटरच्या गोलाईशी जुळायला वेळ लागतो. चाकं काढून कमी वेगावर वीस-तीस मिनिटं चालवा. ओझ्याशिवाय मोटर दोन ते चार अँपिअर घेते. सात-आठ दिसत असतील तर बेअरिंग जाम आहे किंवा गिअरबॉक्समधलं ग्रीस घट्ट होऊन त्यात धातूचा चुरा मिसळला आहे. चुरा दिसला तर नुसतं नवं ग्रीस भरू नका, जुनं पूर्ण पुसा आणि दात बघा.

प्रश्न: मोटर फिरल्याचा आवाज येतो, ट्रॉली मात्र जागची हलत नाही.

चाकं उलटसुलट लागली आहेत. प्रत्येक चाकाच्या तुंब्यात एकाच दिशेने पकडणारा क्लच असतो, म्हणून डावं उजवीकडे गेलं की आस नुसता फिरतो. चाकाच्या आतल्या बाजूला एल आणि आर कोरलेलं असतं. चाकं बरोबर असतील तर ती आसावरच्या बाहेरच्या खाचेत, म्हणजे हाताने ढकलण्याच्या जागी बसली आहेत का पाहा. बटण दाबून आतल्या खाचेत खटकन ढकला. एकच चाक घसरत असेल आणि टकटक वाजत असेल तर क्लचमधल्या पिना मातीने अडकल्या आहेत. पेट्रोलने किंवा डिग्रीजरने धुऊन वाळवा आणि पातळ तेलाचे दोन थेंब द्या. ग्रीस अजिबात नको. त्यात पिना चिकटतात आणि दोष वाढतो.

प्रश्न: ट्रॉली सारखी डावीकडे ओढते.

आधी बॅग उतरवून, पाणसळ लावून तपासलेल्या सपाट जमिनीवर दहा मीटर चालवा. मैदानावरचा उतार डोळ्याला दिसत नाही आणि निम्म्या तक्रारी तिथल्याच असतात. बॅगेशिवाय सरळ गेली तर बॅग एका बाजूला झुकून बांधली जाते आहे. तरीही ओढत असेल तर मागची चाकं अदलाबदल न करता दोन्ही हाताने फिरवून पाहा: एखादं जड फिरतं का, टायर एका बाजूने झिजला आहे का, हवेचे टायर असतील तर दोन्हींत हवा सारखी आहे का. ट्रॉली जड चाकाच्या बाजूला वळते. हे सगळं ठीक असेल तरच पुढच्या चाकाला हात लावा. त्याच्या आसाच्या एका टोकाला सरकवण्याची सोय असते. नट सैल करा, एका वेळी एक मिलिमीटरच हलवा, घट्ट करा आणि पुन्हा दहा मीटर चालवा. दोन मोटरच्या ट्रॉलीत चाकं ठीक असूनही ओढ राहिली तर दोन्ही मोटरचा ओझ्याशिवायचा करंट मोजा. जी जास्त घेते तिचे कार्बन आणि बेअरिंग आधी उघडा.

प्रश्न: चिखल झाला की पाण्याच्या पाइपने धुतली तर चालेल का?

नको. जोराची धार गिअरबॉक्सचं सील ओलांडून आत जाते आणि मोटरच्या झाकणातून कम्युटेटरवर पोचते. आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट नसते. चिखल वाळू द्या, ब्रशने झाडा, मग पिळलेल्या फडक्याने पुसा. चाकं काढून आसावरचं गवत काढा. ते बेअरिंगपाशी दोरीसारखं घट्ट गुंडाळलं जातं आणि मोटर दर फेरीला ते ओढत राहते. आधीच पाइप मारून झाला असेल तर बॅटरी काढा, मोटरचं मागचं झाकण उघडून दोन दिवस कोरड्या जागी ठेवा आणि जोडण्यापूर्वी कार्बन खोबणीत मोकळे सरकतात का ते एकदा पाहा.